कोंबडीचे पहिले औषध : पाणी



ऊस विकास अधिकाऱ्याने कोंबडीवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. बेणे, लागण, खत, हुमणी, खोडवा यांवर मी या अंकांतून वेळोवेळी लिहीत आलो आहे. पण उसाची नोंद घ्यायला वस्तीवर गेलो की उसाआधी दारातल्या कोंबड्याच पायांत येतात. उसाचे बिल वर्षातून ठरावीक वेळी मिळते आणि ते बहुधा सोसायटीच्या कर्जात जाते. अंड्याचा पैसा रोजचा असतो, आणि तो घरच्या बाईच्या हातात असतो. वह्या-पुस्तके, एसटीचे भाडे, दवाखाना यांतले बरेचसे त्यातूनच भागते. म्हणून कोंबडी दगावली की नुकसान कागदावर दिसत नाही, पण घरात जाणवते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट. आमच्या गटातील एका सभासदाच्या वस्तीवर दुपारी चारच्या सुमारास गेलो. पारा ४१ च्या पुढे होता. वीसपैकी अकरा कोंबड्या पत्र्याच्या खुराड्यासमोर पंख पसरून मेलेल्या. वहिनी ओट्यावर बसून होत्या. म्हणाल्या, "पानी तर भरून ठेवलं हुतं साहेब. मग कशानं गेल्या?"

खरेच, पाण्याचे भांडे काठोकाठ भरलेले होते. मला उत्तर देता आले नाही. "ऊन फार आहे वहिनी," एवढे बोलून मी उसाची नोंद घेऊन परतलो. पण भांडे भरलेले का राहिले, हा प्रश्न डोक्यातून जाईना. उन्हाने कासावीस झालेली कोंबडी पाण्याला तोंडच लावत नाही, असे कसे? पुढे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांकडून समजून घेतले, थोडे वाचले, थोडे डोळ्यांनी पाहिले. ते आज आपल्यापुढे मांडतो.

कोंबडीच्या अंगातले पाणी

मोठ्या कोंबडीच्या अंगात वजनाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश पाणी असते. अंड्यातही तेवढेच. म्हणजे कोंबडी रोज अंडे घालते तेव्हा ती पाणीच बाहेर काढत असते, आणि ते आपण परत भरावे लागते. अंगातले दहावा हिस्सा पाणी कमी झाले तर पक्षी गंभीर होतो. पाचवा हिस्सा गेला तर तो सहसा वाचत नाही. खाद्यावाचून कोंबडी काही दिवस तग धरते, पाण्यावाचून नाही.

साधारण थंड हवेत कोंबडी जेवढे खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते. शंभर-सव्वाशे ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला पाव लिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात मात्र हीच कोंबडी खाणे कमी करते आणि पाणी अर्ध्या लिटरपर्यंत नेते. वीस कोंबड्या म्हणजे दिवसाला दहा लिटर, घागरीच्या हिशेबाने सांगायचे तर मोठी घागर. आपण बहुतेक जण एक परळ भरून ठेवतो आणि समाधान मानतो.

एक दिवस पाणी तुटले तर अंड्यांची घट भरून यायला कित्येक दिवस लागतात. दीड दिवस तुटले तर कोंबडी पिसे गाळायला लागते आणि अंडे बंद करते. वाढीच्या दिवसांत उसाची एक पाळी चुकली तर पुढच्या दोन पाळ्यांनी कांडी भरून येत नाही, हे आपण जाणतो. इथेही तोच न्याय आहे.

भांडे भरलेले का राहिले?

कोंबडीच्या अंगाचे तापमान माणसापेक्षा जास्त असते, ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. ते ४६ च्या आसपास गेले की पक्षी दगावतो. म्हणजे जगणे आणि मरणे यांत चार-पाच अंशांचे अंतर. त्यातून कोंबडीला घाम येत नाही, तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. अंग थंड करायचे तिचे मार्ग तीन : पंख फाकवून अंगाला वारा लावणे, तुरा व गलुल्यांमधून उष्णता बाहेर टाकणे, आणि तोंड उघडून धापा टाकणे. धापेबरोबर घशातले पाणी वाफ होऊन जाते व अंग निवते. धाप म्हणजे तिचा घामच. त्याला पाणी लागते.

आता वहिनींच्या दारातले पाणी कोठून आले होते? उघड्यावरच्या काळ्या टाकीतून, आणि तिथून पुढे उन्हात पडलेल्या काळ्या नळीतून. दुपारी ते पाणी हाताला चटका देत असे. कोंबडीच्या अंगापेक्षा गरम झालेले पाणी ती पीत नाही. एकदा चोच बुडवते, झटकते आणि बाजूला होते. त्यामुळे भांडे भरलेले होते, आणि कोंबड्या तहानेने व उष्म्याने गेल्या. पाणी असणे आणि पिण्याजोगे पाणी असणे यांत हा फरक आहे.

धापेचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवावा. सतत धापा टाकल्याने रक्तातला कर्बवायू जादा बाहेर पडतो व रक्ताचा समतोल बिघडतो. त्यामुळे अंड्याचे कवच पातळ होते. एप्रिल-मेमध्ये अंडी हातात फुटायला लागली, तर नुसता चुना कमी पडला असे समजू नये. कोंबडी उन्हाने त्रासली आहे, ही ती खूण असते.

जुहूत शिकलेला धडा

माझे मेहुणे मुंबईला जुहूत राहतात. त्याच उन्हाळ्यात चार दिवस त्यांच्याकडे जाणे झाले. जुहू कोळीवाड्यात त्यांच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. घरामागे जाळीच्या व पत्र्याच्या खुराड्यात त्यांनी आठ कोंबड्या पाळलेल्या. मुंबईचा पारा मे महिन्यात सहसा ३३-३४ च्या आसपास असतो. आपल्याकडच्या मानाने ते काहीच नाही. तरी एका दुपारी मावशींच्या तीन कोंबड्या गेल्या आणि बाकीच्या मान टाकून बसल्या.

मावशींनी पाण्यात कसूर केली नव्हती. पाणी माठातले, गार होते. उलट कोंबड्या धापा टाकताना पाहून त्यांनी खुराड्यात बादलीभर पाणी शिंपडले होते आणि ऊन लागू नये म्हणून चारी बाजूंनी गोणपाट लावले होते. शेजारी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक डॉक्टर राहतात. हे महाविद्यालय १८८६ पासूनचे. त्यांना बोलावले. त्यांनी औषधाची पेटी उघडली नाही. पहिल्याने गोणपाट काढायला लावले, कोंबड्या उचलून ओसरीवर पंख्यासमोर ठेवल्या, त्यांचे पाय घोट्यापर्यंत गार पाण्यात बुडवले, आणि चोचीचे टोक पाण्याला लावून एकेक घोट पाजला. संध्याकाळपर्यंत पाची उभ्या राहिल्या.

मग त्यांनी समजावून सांगितले. समुद्राकाठची हवा आधीच पाण्याने भरलेली. ओले कपडे जुहूत दोरीवर वाळत नाहीत, सोलापुरात तासात वाळतात. तीच गोष्ट कोंबडीच्या धापेची. दमट हवेत तिच्या घशातल्या पाण्याची वाफ होत नाही. ती धापा टाकून दमते, पण निवत नाही. त्यात बंद खुराड्यात पाणी शिंपडले म्हणजे दमटपणा आणखी वाढवला. अशा वेळी पाण्याच्या जोडीला वारा लागतो.

हे ऐकताना मला आपल्याच वस्त्या आठवल्या. आपला मे कोरडा असतो हे खरे. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऊस डोक्यावर जातो, वस्तीच्या चारी बाजूंनी हिरवी भिंत उभी राहते, पाट भरून वाहत असतात आणि पाऊस उघडून ऊन पडते. वारा शिरत नाही. त्या दिवसांत आपली वस्ती म्हणजे जुहूच होते. "एवढं ऊन नव्हतं, तरी कोंबड्या गेल्या," असे सभासद सांगतात ते बहुधा याच दिवसांत. म्हणून ध्यानात ठेवा :

कोरड्या उन्हात गोणपाट ओले करा, पाणी शिंपडा, चालते. दमट उकाड्यात शिंपडू नका, खुराडे उघडा आणि वारा द्या. गार पाणी मात्र दोन्हीकडे हवेच.

उन्हाळ्याची तयारी

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. पुढील गोष्टी मार्चमध्येच कराव्यात.

१. पाणी एका भांड्यात न ठेवता तीन-चार ठिकाणी, सावलीत ठेवावे. एकच भांडे असले की दांडगा कोंबडा व मोठ्या कोंबड्या ते अडवतात, आणि दुबळी तलंग तहानलेली राहते.

२. मातीचा माठ किंवा कुंभाराकडचे पसरट परळ सगळ्यांत चांगले. ते पाझरते, म्हणून पाणी गार राहते. टाकीतले पाणी वापरायचेच तर पहाटे काढून माठात भरावे. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच असते, तेव्हा पंप चालू असतानाच माठ भरून घ्यावा.

३. दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान दोनदा पाणी बदलावे. हात बुडवून पाहावा. आपल्याला गार लागले तर कोंबडीला गार.

४. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला असावा, म्हणजे माती व विष्ठा पडत नाही. पिलांसाठी भांडे उथळ असावे व त्यात धुतलेले खडे टाकावेत, नाहीतर पिले बुडतात.

५. पत्र्यावर पाचटाचा वीतभर थर द्यावा. पाचट आपल्याकडे फुकट आहे. मात्र विजेची तार किंवा चूल जवळ असेल तर पाचट घालू नये. इतरत्र घातले तरी दुपारी त्यावर पाणी मारीत राहावे, कारण वाळलेले पाचट ठिणगीने पेटते.

६. खाद्य पहाटे व दिवस कलल्यावर द्यावे. खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते. भर दुपारी पोटभर खाल्लेली कोंबडी उन्हाला लवकर बळी पडते.

७. लस टोचणे, कोंबड्या पकडणे, बाजाराला नेणे ही कामे दुपारी करू नयेत.

८. ठिबकच्या खताच्या टाकीतले पाणी, तणनाशकाचा रिकामा डबा, युरियाचे पोते भिजलेले डबके यांपासून कोंबड्या दूर ठेवाव्यात. तहानलेली कोंबडी समोर येईल ते पिते. औषधाचा डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

गूळ-मीठ पाणी : किती आणि कधी?

ताण पडलेल्या कोंबडीच्या अंगातून पाण्याबरोबर क्षारही जातात. अशा वेळी गूळ-मिठाचे पाणी उपयोगी पडते. तत्त्व नवे नाही. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारोंचे जीव वाचवले. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून लवकर शोषले जाते, आणि मिठामागे पाणी जाते.

इथे साखर कारखान्याच्या सभासदांना एक गोष्ट सांगायला जीभ अडखळते : कोंबडीला गोडाची चव कळत नाही! गोड ओळखणारी यंत्रणाच तिच्या जिभेत नाही. तेव्हा "गूळ घातला म्हणजे आवडीने पिईल" हा समज सोडून द्यावा. गूळ आपण ताकदीसाठी व मीठ शोषले जावे म्हणून घालतो, आणि तेवढाच घालावा.

मोठ्या कोंबड्यांसाठी माप असे : पाच लिटर स्वच्छ गार पाणी, मोठ्या लिंबाएवढा गुळाचा खडा (सुमारे ५० ग्रॅम), चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि अर्धा सपाट चमचा खाण्याचा सोडा. नीट विरघळवून गाळून घ्यावे. पिलांसाठी त्यात तेवढेच साधे पाणी मिसळावे. मेडिकलमधले माणसांचे ओआरएसचे पाकीट घ्यायचे तर एक लिटरचे पाकीट तीन लिटर पाण्यात टाकावे, एका लिटरात नाही.

आता पथ्य पाहा.

हे पाणी सकाळी दहा ते चारपर्यंत द्यावे, एरवी साधे पाणी द्यावे. साध्या पाण्याचे एक भांडे नेहमी शेजारी असावे. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त देऊ नये. उरलेले पाणी संध्याकाळी ओतून भांडे घासावे. गुळाचे पाणी उन्हात किती लवकर आंबते हे आपणांस सांगायला नको. आंबलेल्या पाण्याने हगवण लागते.

"थोडं जादा मीठ पडलं तर काय होतंय?" असे विचारू नका. जादा मीठ कोंबडीला विष आहे, पिलांना तर फारच. आणि आपल्या भागात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. तिथल्या विहिरींचे पाणी मुळातच खारट असते. असे पाणी असेल तर त्यात मीठ व सोडा मुळीच घालू नये, जमल्यास पिण्याला दुसरीकडचे पाणी आणावे. शंका असेल तर उसासाठी माती-पाणी तपासायला देता तशी पिण्याच्या पाण्याचीही बाटली द्यावी.

काही जण कारखान्याची मळी पाण्यात कालवून पाजतात. तसे करू नये. मळी जास्त झाली की पातळ हगवण होते, आणि अंगात पाणी भरायचे सोडून आपणच ते बाहेर काढतो.

प्रवासाचा ताण

ऊसतोडणीचे कुटुंब फडावर येते तेव्हा गाडीला कोंबड्यांचे डालगे बांधलेले असते. रात्रंदिवस प्रवास, धूळ, थंडी. कोपीवर उतरल्यावर सामान लावण्याच्या गडबडीत कोंबड्या तशाच राहतात. मुकादम व तोडणी कामगारांपर्यंत सभासदांनी हे पोहोचवावे : डालगे उतरले की पहिल्याने पाणी, दाणा नंतर.

बाजारातून किंवा उबवणी केंद्रातून पिले आणली तरी हाच नियम. पिले पोहोचताच प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवावी, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्याला कळते. पहिले दोन-तीन तास फक्त पाणी द्यावे, मग भरडा. पहिल्या दिवशी पाणी न मिळालेले पिलू चार-पाच दिवसांनी मरते आणि आपण दोष भरड्याला देतो. पिलांचे पाणी फार गार नसावे, कोमट असावे. थंडीत सकाळी मोठ्या कोंबड्यांनाही बर्फासारखे पाणी देऊ नये.

नवीन आणलेले पक्षी जुन्यांत लगेच मिसळू नयेत. दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत, त्यांचे पाण्याचे भांडेही वेगळे. एका भांड्यातून रोग पसरायला वेळ लागत नाही.

आजाराची पहिली खबर

कारखान्यात आपण रोज साखर उतारा मोजतो. उतारा पडला की कुठे तरी बिघाड आहे हे लगेच कळते. कोंबड्यांचे पाणी तसेच मोजावे. सकाळी मापाने भरावे, दुसऱ्या सकाळी किती उरले ते पाहावे आणि भिंतीवर खडूने लिहावे. हवा तीच असताना पाणी एकदम कमी झाले किंवा एकदम वाढले, तर आजार दारात आला असे समजावे. अंडी घटण्याच्या किंवा मरतूक सुरू होण्याच्या आधी बहुधा ही खबर मिळते.

आजारी कोंबडी पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहते. तिला लगेच वेगळी करावी. उन्हाळा नसेल तर ऊब द्यावी, आडोशाला भुसा किंवा चोथा अंथरून ठेवावे. आजारी पक्षी पहिल्याने खाणे सोडतो, पाणी त्यानंतर. म्हणून ज्या दिवशी खाणे सुटले त्याच दिवशी पाण्यातून मदत पोहोचवावी. उद्यावर टाकले तर पिणेही सुटलेले असते.

अशक्त कोंबडीला पाणी पाजताना अनेकांच्या हातून ती नकळत मरते. चोच फाकवून घशात पाणी ओतले की ते श्वासनळीत जाते. श्वासनळीचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. त्यासाठी कोंबडी उभी धरावी, चोचीच्या टोकाला किंवा कडेला एकेक थेंब लावावा, तिने गिळले की दुसरा. अर्ध्या-एक तासाने पुन्हा असेच थोडे थोडे पाजावे. गिळत नसेल तर बळजबरी करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना रक्ती हगवण फार होते. भांड्याखालची ओली गादी हे तिचे घर. विष्ठेत रक्त दिसले की त्याच दिवशी दवाखान्यातून औषध आणावे. ते पाण्यातूनच देतात, कारण आजारी पिलू खात नाही, पण पिते. आणि भांड्याभोवतालची ओली माती-भुसा रोज काढून कोरडे घालावे.

पाण्यातून औषध आणि लस

विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्यात एक हजार लिटरला सहा ते आठ ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून तासभर ठेवावे व मग वापरावे. पावसाळ्यात हे जरूर करावे. मात्र लस पाण्यातून द्यायची असेल तर दोन दिवस आधीपासून एक दिवस नंतरपर्यंत ब्लीचिंग बंद ठेवावे. ब्लीचिंगने लसच मरते. त्या दिवशी तास-दोन तास पाणी बंद करून मग लस घातलेले पाणी द्यावे व दोन तासांत संपेल एवढेच ठेवावे. लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घातली म्हणजे लस टिकते. भर उन्हात हे करू नये, पहाटे करावे.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग आला की औषध नाही. मान वाकडी होणे, हिरवट हगवण, घरघर ही लक्षणे दिसतात आणि वस्तीच्या वस्ती रिकामी होते. गूळपाणी इथे कामाचे नाही. लसच हवी : पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्यात आर-२-बी टोचून. पुण्यात औंधला राज्य शासनाची लसनिर्मितीची संस्था आहे. लशीची चौकशी दवाखान्यात करावी. शीशी बर्फात आणावी, खिशात नाही.

प्रतिजैविके मनाने देऊ नयेत. "गेल्या वेळचं औषध उरलंय" म्हणून पाण्यात टाकणे चूक आहे. पाण्यातून प्रत्येक पक्ष्याच्या पोटात किती गेले ते कळत नाही, आणि औषधाचा अंश अंड्यातून आपल्याच मुलांच्या ताटात येतो. कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाण्याच्या जनावरांना व कोंबड्यांना देण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली.

पाणी पुरे पडत नाही तेव्हा

एका-दोन दिवसांत पुष्कळ कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तोंड सुजले, तर घरगुती उपाय करीत बसू नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातील कोंबड्यांमधला तो पहिला उद्रेक होता. नवापूरच्या कुक्कुटपालकांना त्यात लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात तो पुन्हा आढळला. अशा वेळी मेलेले पक्षी उघड्या हाताने धरू नयेत, पाटात किंवा कॅनॉलमध्ये टाकू नयेत, आजारी पक्षी स्वस्तात विकू नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेले पक्षी तपासायला लागतात, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच चुना टाकून खोल पुरावेत.

"कळवलं तर सगळ्याच मारून टाकतील," या भीतीने काही जण गप्प बसतात. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. आपण झाकलेला रोग शेजारच्या वस्तीवर जातो, आणि हा रोग माणसालाही होऊ शकतो.

शेवटी

हा सगळा लेख चार ओळींत सांगायचा तर असा :

पाणी गार, स्वच्छ, सावलीत, तीन-चार ठिकाणी ठेवा.
कोरड्या उन्हात ओलावा द्या, दमट उकाड्यात वारा द्या.
रोजचे पाणी मोजा, कमी-जास्त झाले तर त्याच दिवशी बघा.
गूळ-मीठ मापाने द्या, औषध डॉक्टरांना विचारून द्या.

ज्या वहिनींना मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही, त्यांच्याकडे पावसाळ्यात पुन्हा गेलो आणि काळ्या नळीचा हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतले व एवढेच म्हणाल्या, "म्हंजे पानी हुतं, पर त्यांच्या कामाचं नव्हतं." मी एवढ्या ओळी लिहिल्या, त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आता त्यांच्या दारात आंब्याखाली चार परळे आहेत. भिंतीवर खडूचे आकडे आहेत. गेल्या मे महिन्यात एकही कोंबडी गेली नाही, असे मी म्हणणार नाही. दोन गेल्या. पण अठरा राहिल्या, आणि जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा वह्यांचे पैसे अंड्यांतून निघाले.

तुमच्या वस्तीवर उसाच्या नोंदीला येईन, तेव्हा कोंबड्यांच्या भांड्यातही हात बुडवून पाहीन. राग मानू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी